मानेवरचा हिरवा

पीरसाब नदाफांच्या तोंडी जगातली सगळी वाईट बातमी दोन शब्दांत मावायची: शेड सुटली. दूध नासलं, शेड सुटली. मेहुण्यानं दुसरं घर केलं, शेड सुटली. समोरच्या घरातल्या बोकडाला बकरीदच्या चार दिवस आधी जुलाब लागले, तेव्हा अख्खी गल्ली हळहळत होती आणि पीरसाब दारात उभे राहून, मान कलती करून, डावा डोळा बारीक करून म्हणाले, "शेड सुटली की ओ ह्याची." म्हणताना उजव्या हाताचा अंगठा मधल्या बोटावर घासायचा, जणू चिमटीत सुताची लड आहे. नई जिंदगी वस्तीतल्या कुठल्याही पोराला पीरसाब करून दाखव म्हटलं की ते आधी डोळा बारीक करायचं. तेवढ्यावरच लोक हसायचे, बोलायची गरजच पडायची नाही.

ती लड एके काळी खरी होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात, रंगखात्यात, त्यांनी वयाच्या सतराव्या वर्षापासून अकरा वर्षं काढली. हौदातून सूत काढायचं, पिळायचं आणि गिऱ्हाइकानं पाठवलेल्या तुकड्याला लावून बघायचं; रंग जुळला नाही की शेड सुटली. मास्तर तेलुगू होता. तो ओरडायचा, "रेय पीरसाब, ट्यूबखाली बघायचं नाई! ट्यूब झूट बोलते. दारात जा, उनात बघ!" पीरसाब दारात जायचे, उन्हात बघायचे. निळा एक थेंब जास्त पडला असेल तर त्यांच्या दाढा आंबायच्या, असं ते शपथेवर सांगत.

कारखाना बंद पडला आणि हा डोळा घेऊन ते मिक्सिंगमध्ये आले. मिक्सिंग म्हणजे फोटोग्राफरनं आणून दिलेलं लग्नाबारशाचं शूटिंग कापायचं, जोडायचं, खाली गाणी टाकायची आणि सगळ्यांचे रंग सारखे करायचे. घराच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत दोन स्क्रीन, एक कूलर आणि पीरसाब. एकोणीस वर्षांत सोलापुरातल्या निम्म्या नवऱ्या त्यांनी बघितल्या असतील, पण रस्त्यात समोरून आली तर एकही त्यांना ओळखायची नाही. व्हिडिओ संपला की शेवटी काळ्या पट्टीवर चार सेकंद नाव यायचं: 'मिक्सिंग – पीरसाब नदाफ, सोलापूर', खाली मोबाइल नंबर. तोवर लोक जेवायला उठलेले असत.

अलीकडं सगळ्यांना ग्लो हवा असायचा. सोलापूरच्या उन्हात भाजून निघालेली माणसं पडद्यावर मात्र दुधातून बुडवून काढल्यासारखी हवीत. ग्लो ही तशी सोपी गोष्ट. चित्रात जिथं उजेड जास्त तेवढा भाग उचलायचा, धुरकट करायचा आणि त्याच चित्रावर परत टाकायचा. चेहरा फुलतो, दिव्यांभोवती वलयं येतात, करवल्या अप्सरा होतात. पण उजेड एकटा येत नाही, सोबत रंग घेऊन येतो. हळदीच्या व्हिडिओत ग्लो टाकला की नवरीचे दात पिवळे. लाल शालूला टाकला की कान उकडल्यासारखे लाल. रंगावर रंग चढत गेला की भरलेल्या बादलीसारखा तो उतू जातो. मग नारिंगीचा पिवळा होतो, गुलाबीचा पांढरा. नवखी पोरं तसंच देऊन टाकत. पीरसाब नाही. ते रंगावर रंगाची बेरीज करणारी पद्धत बदलायचे, धुरकट थरातला रंग पिळून काढून नुसता उजेड ठेवायचे, चेहऱ्यापुरता तोही कमी करायचे. मग खुर्चीत मागे रेलून अंगठा बोटावर घासायचे. "आली शेड."

फेब्रुवारीत विरुपाक्षचा फोन आला. विरुपाक्ष हा अक्कलकोटकडचा फोटोग्राफर. मराठी बोलायचा ती कन्नडच्या चालीवर, आणि दर दोन वाक्यांनी 'नोड' म्हणून समोरच्याला काहीतरी बघायला लावायचा.

"काय बे पीरसाब, जेवलास का? डोहाळजेवणाचं एक पाठवलोय नोड. मोठी पार्टी आहे, लॉनवर कार्यक्रम. सासूबाई म्हणाल्या, ग्लो जरा सढळ हातानं."

"किती सढळ?"

"लाइटबिल त्या भरणार हैत असं समज की."

मुलीचं नाव संस्कृती. तेवीस वर्षांची, माढ्याकडची, दोन वर्षांपूर्वी सोलापुरात दिलेली. सातवा महिना. डोहाळजेवणाला असते तशी गर्द हिरवी साडी, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने, चंद्राच्या आकाराचा झोपाळा. हातात फुलांचं धनुष्य देऊन फोटो. दोन झाकल्या वाट्या पुढं आल्या, तिनं एक उघडली, आत बर्फी निघाली, म्हणजे मुलगी, बायका ओरडल्या. सासूबाई गळ्यात मोगऱ्याची माळ घालायला वाकल्या तेव्हा पोरीनं झटक्यात मान मागं घेतली. कॅमेरा हलला, माळ नाकावर आली. शॉट बिघडला म्हणून पीरसाबांनी तो कापला आणि दुसऱ्या कोनातला लावला.

मग सढळ हातानं ग्लो टाकला आणि सगळा कार्यक्रम शेवाळात पडला. हिरवा हनुवटीवर, हिरवा गालाखाली, पोटावर ठेवलेल्या हातावर हिरवा. पीरसाबांना ह्यात नवल नव्हतं. हिरव्या साडीला हे होतंच. डोहाळजेवणं करणाऱ्या माणसाला हे रोजचं. त्यांनी पद्धत बदलली, थराचा रंग काढला, ग्लो फक्त फुलांवर आणि दिव्यांवर राहील असं केलं. हनुवटी आली. गाल आले. हात आला. मान तेवढी राहिली.

त्यांनी ग्लो पूर्ण बंद करून बघितला. मानेवरचा हिरवट रंग तिथंच होता.

त्यांनी डोळा बारीक केला. समोर मोठे दिवे, साडी झगझगीत, तिचाच उजेड उलटून मानेवर पडला असणार. होतं असं. जरासंच तर आहे, कोण बघतंय, म्हणून त्यांनी नमुना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी विरुपाक्षचा परत फोन. त्याला सासूबाईंचा आवाज छान जमला होता. नाकातून, लाडीगोडी लावत तो म्हणाला, "'अहो, सगळं कसं गोड झालंय हो! फक्त मानेपाशी हिरवं हिरवं दिसतंय नं, तेवढं त्यांना काढायला सांगा नं. सुनेची मान आहे, दुधी भोपळा नाही!' असं म्हणाल्या बे. हसल्या पण वर. काढून टाक."

पीरसाबांना वाईट वाटलं. त्यांच्या कामात पार्टीनं चूक काढावी? सगळी दुपार ते त्या मानेवर बसले. वर एक रिकामा थर घातला आणि हिरवट जागेभोवती हातानं रेघ ओढत गेले. सलग नव्हती ती जागा. डाव्या कानाखाली चार लांबट पट्टे, उजवीकडं एक आखूड आणि रुंद. पाच आकार. मुलगी मान वळवायची तसे ते आकार तिच्याबरोबर वळवायचे, एकेक करून, सगळ्या शॉटमध्ये. मग त्या पाचांच्या आत हिरवा कमी, तांबडा किंचित वर.

त्यांची बायको गुलबानो चहा घेऊन वर आली. घरात बोली दखनी. कप ठेवता ठेवता ती स्क्रीनकडं बघत राहिली.

"साड़ी का रंग उतर्या तो पूरा उतर्ता ना जी. ऐसे टिपके टिपके काइकु?"

"तेरेकु क्या समझता इसमें? लाइट का है."

"मेरेकु क्या समझता," असं म्हणून गुलबानो खाली गेली. तिला भांडण करायला वेळ नव्हता, खाली कुकर होता.

संध्याकाळच्या आत मान इतकी साफ झाली, की पीरसाबांनी तो शॉट उगाच चार वेळा लावून बघितला. पार्टीचा ओके आला. धंद्याचा नियम असा, की ओके आला की मूळ शूटिंग उडवायचं. लग्नसराईत डिस्कमध्ये जागा कुठून आणणार? त्यांनी उडवलं. विरुपाक्षनं कार्ड पुसून पुढच्या लग्नाला लावलं.

एप्रिलच्या शेवटी, अकराच्या सुमाराला, जिन्याच्या तोंडाशी आवाज आला.

"हितं मिक्सिंगवाले नदाफ भाऊ राहत्यात का?"

पन्नाशीला टेकलेली बाई होती. डोक्यावर पदर, पायात रबरी चपला, बरोबर विशीतला मुलगा. ती संस्कृतीची आई विजयमाला आणि मुलगा तिचा भाऊ अभिमन्यू. बाईनं रुमालाची गाठ सोडून पेनड्राइव्ह काढला. शेवटच्या काळ्या पट्टीवरचा नंबर बघून ती आली होती.

"ह्यात माज्या लेकीचं डोहाळजेवान हाय. मला तिची मान दाखवा."

अशी मागणी पीरसाबांकडं कुणी केली नव्हती. पण कौतुकानं काम बघायला कुणी माढ्याहून आलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन स्टुलं पुढं सरकवली, व्हिडिओ लावला आणि नेमका तो शॉट थांबवला.

"बगा ताई. काय शेड आलीय! हितं लई घाण हिरवं हुतं. ग्लो टाकला की येतं ते. दुसऱ्याला जमलं नसतं, तुमाला म्हणून सांगतो. एक दुपार घालवलो मी ह्या मानेवर."

बाई स्टुलावरून उठली.

"काय हुतं म्हनला?"

"हिरवं. हे हितं, कानाच्या खाली. आणि हिकडं."

"तुमाला दिसलं?"

"दिसलं म्हणजे? काढलो की मी ते!"

"अभ्या," बाई पोराकडं न बघता म्हणाली, "ऐकलंस न्हवं? हुतं म्हनत्यात. हुतं. मला येड न्हाय लागलं."

आणि ती मटकन जमिनीवरच बसली. पीरसाब पाणी आणायला उठले, तसा अभिमन्यू म्हणाला, "राहू द्या काका. ताई गेली माझी."

"कुटं गेली?" असं पीरसाबांनी विचारलं, आणि विचारताच त्यांना कळलं.

डोहाळजेवणानंतर पंचविसाव्या दिवशी ती गच्चीवरून पडली होती. कपडे वाळत घालताना पाय घसरला, असं सासरचे म्हणत होते. अंगावर ज्या खुणा होत्या त्या पडल्याच्या ठरल्या, आणि मानेवरचं पंचवीस दिवसांत विरून गेलं होतं. विजयमालानं पोलिसांना सांगितलं, की पोरीला मारत होते, डोहाळजेवणाला मी स्वतः मानेवर वळ बघितले. तेव्हा संस्कृतीच्या दिरानं मोबाइल पुढं केला. व्हिडिओ लावला. फौजदारानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि विचारलं, "कुठंय मावशी? दाखवा." सगळ्यांनी वाकून बघितलं. मान गव्हाच्या ओंबीसारखी स्वच्छ. अभिमन्यूच्या मोबाइलमधले फोटो बघितले, तर त्यातल्या सुंदर दिसायच्या सोयीनं सगळ्यांचीच कातडी साबणासारखी गुळगुळीत करून ठेवलेली. तेव्हापासून घरचे लोकही म्हणायला लागले होते, की आईचं डोकं फिरलंय, जाऊ द्या.

"माजा मालक बी म्हनला," विजयमाला म्हणाली. "म्हनला, तुला भास झाला. मीच म्हनाया लागले, झाला आसंल बाई. काल परत लावून बघितलं. परत न्हाय. मग म्हनलं, ज्यानं केलंय त्यालाच इचारावं."

पीरसाबांनी विरुपाक्षला फोन लावला.

"ते डोहाळजेवणाचं मूळ आहे का बे तुझ्याकडं? कुटंबी? जुना लॅपटॉप?"

"नऊ कार्यक्रम झाले त्या कार्डावर. का?" आणि मग, कारण ऐकल्यावर, विरुपाक्षचा आवाज एकदम हलका झाला, 'नोड' गळून पडलं. "पीरसाब, ऐक. तू काही बघितला नाहीस. मी बी नाही. आपण फोटोवाले. लोक हसले की काढायचं, रडले की काढायचं. त्या बाईला चहा पाज आणि पाठव."

"सासूबाईंनीच मान साफ करायला सांगितलं हुतं की."

"कोण म्हणतंय? मी तर काही ऐकलो नाही."

फोन बंद झाला. पीरसाबांनी डिस्क धुंडाळल्या. एक, दुसरी, कपाटातली तिसरी. मूळ कुठंच नव्हतं. पण कामाची फाइल होती. ती उडवत नसत, लहान असते. त्यांनी ती उघडली. मूळ चित्र सापडत नसल्यानं सॉफ्टवेअरनं चित्राच्या जागी सपाट लाल पडदा दाखवला. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. त्यांनी तो वरचा रिकामा थर निवडला, आणि लाल पडद्यावर त्यांच्या हातानं ओढलेल्या रेघा आल्या.

चार लांबट. एक आखूड आणि रुंद.

फेब्रुवारीत त्यांनी ते पाच आकार तासन्‌तास बघितले होते, पण तेव्हा खाली मान होती, साडी होती, फुलं होती. आता खाली काहीच नव्हतं, म्हणून हात दिसला. कुणाचाही दिसला असता. अंगठा, आणि चार बोटं.

त्यांनी पुढची किल्ली दाबली. हात लाल पडद्यावर जरासा सरकला, वळला, परत स्थिर झाला. पोरीनं मान वळवली होती तसा. विजयमालानं आपला पंजा काचेजवळ नेला, टेकवला मात्र नाही.

"माज्याहून मोटा हाय," ती म्हणाली.

मग अभिमन्यू पुढं झुकला.

"काका, तुम्ही हे पुसलं तर परत काढता पण येत असंल की. तयार व्हिडिओ आहे, तुमच्या ह्या रेघा आहेत. उलटं करा फक्त."

येत होतं. पीरसाबांना ते त्याच्या आधीच सुचलं होतं, आणि सुचलं म्हणूनच ते गप्प होते. हिरवा किती कमी केला, तांबडा किती वर नेला, आकडे समोर लिहिलेले होते. उणेचं अधिक केलं की झालं. त्यांचा हात माउसवर गेला. कदाचित फक्त बघावं म्हणून. कदाचित त्या बाईला एकदा दाखवावं म्हणून. फाइलची नक्कल काढली, तिच्यात साफ मानेचा व्हिडिओ खाली टाकला, रेघा जुळवल्या, आकडे उलटे केले. दहा मिनिटंही लागली नाहीत. पोरीच्या मानेवर हिरवट पट्टे हळूहळू वर आले, कडेला पिवळसर, मधे काळसर. पीरसाबांचा डोळा आपोआप बारीक झाला आणि त्यांनी तांबडा अजून एक घर खाली घेतला.

"हेच!" विजयमाला किंचाळली. "हेच हुतं गं बाई! आसंच! द्या हे. हे द्या मला, आत्ता जाते."

पीरसाबांनी हात मागं घेतला.

"ताई, हे देता येत नाही."

"का?"

"हे मी केलोय. आत्ता, तुमच्यापुढं. हे तिच्या अंगावरचं नाही, माझ्या हातचं आहे. त्यांचा वकील हे तपासायला पाठवणार. तिथं दिवसासकट निघतंय, कधी केलं, कशानं केलं. मग ते म्हणणार, बघा, आई खोटा व्हिडिओ बनवून आणली. तुम्ही डोळ्यानं बघितलेलं सुद्धा खोटं होऊन बसंल."

"मग खरं द्या."

"खरं मी उडवलो."

बाई त्यांच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर पीरसाबांना सोसलं असतं.

"म्हंजी खोटं करायला धा मिन्टं," ती म्हणाली, "आन खरं कवाच न्हाय व्हय?"

खाली कपबशा वाजत होत्या त्या थांबल्या. गुलबानो जिन्यात येऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. पीरसाबांनी तिच्याकडं बघितलं, तिनं त्यांच्याकडं. 'मैं बोली थी' असं ती म्हणाली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. ती म्हणाली नाही. फक्त विजयमालाच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली.

पीरसाबांनी ते बनवलेलं चित्र पुसून टाकलं. ते पुसत असताना अभिमन्यूनं तोंडातल्या तोंडात शिवी दिली, तीही त्यांनी ऐकली.

"माझ्याकडं एकच आहे," ते म्हणाले. "मी बघितलोय. ते मी सांगू शकतो. आणि ही रेघांची फाइल. त्याची तारीख जुनीच आहे, मी हात लावलो नाही त्याला."

"तेवढ्यानं काय हुतंय?"

"माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात जायला निघायच्या आधी विरुपाक्षनं स्वतःच फोन केला. ह्या वेळी जेवलास का हेही विचारलं नाही. "जबाब दिलास तर माझं काम तुझ्याकडं यायचं नाही, पीरसाब. माझंच नाही. पार्टीच्या घरचं चव्हाट्यावर मांडणाऱ्याला कोण देतंय शूटिंग?" आणि पुढं तसंच झालं. मे महिन्याच्या भर सराईत त्यांच्या खोलीत दोन जावळं आणि एक गाळ्याचं उद्घाटन, एवढंच आलं.

पोलीस ठाण्यात जबाब घेणारा हवालदार दोन बोटांनी टंकलेखन करायचा आणि टंकताना मोठ्यानं वाचायचा, एका सुरात, मध्ये श्वास न घेता: "मी, पीरसाब, वय सत्तेचाळीस, धंदा व्हिडिओ मिक्सिंग, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारलेवरून जबाब लिहून देतो की..." पीरसाब बोलायचे ते सोलापुरी, आणि हवालदाराच्या तोंडातून ते बाहेर पडायचं ते तिसऱ्याच कुणाचं होऊन. "मी पुसलो" ह्याचं "सदर डाग मी संगणकाद्वारे दूर केले" झालं. "सासूबाईंनी सांगितलं" ह्याचं "कोणाच्या सांगण्यावरून हे मला प्रत्यक्ष ठाऊक नाही" झालं. कारण ऐकलेलं विरुपाक्षच्या तोंडून होतं, आणि विरुपाक्षनं काही ऐकलंच नव्हतं. रेघांची फाइल बघून हवालदारानं मान हलवली.

"हे तुम्हीच काढलेलं चित्र ना? मग कशाचा पुरावा? बरं, हे डाग त्या ग्लोमुळं आले नव्हते कशावरून? तुम्हीच म्हणता, हिरव्या साडीला हिरवं उतरतं."

इथं गप्प बसलं तरी चाललं असतं. हवालदारानं दार उघडून दिलं होतं. ग्लोमुळं आले असतील साहेब, एवढं म्हटलं की पीरसाब एक भोळा कारागीर ठरत होते. बाकावर विजयमाला बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"मी ग्लो बंद करून बघितलो होतो," पीरसाब म्हणाले. "तरी होते."

"म्हणजे तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"आणि मग?"

"मग मी लाइटवर ढकललो. माझ्या बायकोनं सुद्धा विचारलं, असे टिपके कसे. तिला मी गप्प केलो. हे पण लिहा."

हवालदार पहिल्यांदाच वाचता वाचता थांबला. "हे तुमच्या अंगावर येतंय, कळतंय का? उद्या उलटतपासणीत म्हणतील, ह्यानं पुरावा नष्ट केला."

"केलोच की. लिहा साहेब."

त्यानं लिहिलं. सही घेतली. कागद फायलीत लावला आणि विजयमालाला म्हणाला, "बघू मावशी. मूळ असतं तर गोष्ट वेगळी होती. साहेब आले की दाखवतो." फाइल कपाटावर गेली, तिथं आधीच्या बऱ्याच होत्या.

अभिमन्यू मोटारसायकल घेऊन वकिलाकडं गेला, म्हणून विजयमालाला पीरसाबांनी आपल्या गाडीवरून एसटी स्टँडला सोडलं. माढ्याची गाडी लागायला वेळ होता. ती बाकावर बसली. पीरसाब शेजारी न बसता खांबाला टेकून उभे राहिले. 'माफ करा' हे कितीदा तरी त्यांच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलं.

तीच बोलली, समोरच्या गाडीकडं बघत.

"मी इचारलं हुतं तिला, त्या दिशी. कापडं बदलाया खोलीत गेलो तवा. म्हनलं, मानंला काय झालंय गं? ती म्हनली, आई, मंगळसूत्राची ॲलर्जी. डागिना खोटा हाय." पदराचं टोक तिनं सोडलं आणि परत गुंडाळलं. "मला कळलं हुतं, भाऊ. आईला कळत न्हाय व्हय? पर भाईर समदी जमली हुती, ओटी भरायची हुती. म्हनलं, आज नगं. म्हनलं, खोबरेल लाव. मीच लावलं, माज्या हातानं. हळू हळू. ती डोळं मिटून बसली हुती."

माढ्याची गाडी फलाटाला लागली. माणसं दाराकडं धावली, कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. विजयमाला उठली, पिशवी काखेत घेतली आणि गर्दी चढून जाईपर्यंत बाजूला थांबली.

"तुमी पुसलं," ती म्हणाली, "आन मी खोबरेल लावलं."

ती चढली. मागच्या बाजूला तिला खिडकीची जागा मिळाली. पीरसाब खिडकीखाली जाऊन उभे राहिले. कंडक्टरनं घंटी मारली तरी ते हलेनात, तेव्हा तिनं आतून हात केला.

"जावा आता तुमी. ऊन लागंल."

गाडी मागं सरकली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली.